कानात वारं

चाळकेवाडीच्या पठारावर गाडीचं दार उघडलं की ते आपल्या हातात राहत नाही, वारा हिसकावून घेतो. साताऱ्याहून ठोसेघरचा रस्ता धरायचा, धबधबा मागे टाकून आणखी थोडं वर चढायचं. तिथे झाडं संपतात आणि पवनचक्क्या सुरू होतात, नजर पोचेल तिथवर. जूनचा शेवटचा आठवडा होता. धुकं अंगावरून वाहत होतं, वरची पाती अधूनमधून दिसत होती, पण त्यांचा घूंऽ घूंऽ आवाज मात्र सतत. माझा साडेतीन वर्षांचा लेक गाडीतून उतरला आणि जो सुटला तो कानात वारं शिरलेल्या वासरासारखा.

"टोपी! अगं, त्याची टोपी!" आई गाडीतून ओरडली.

टोपी माझ्या हातात आणि वासरू पन्नास पावलांवर. मी धावले, घातली. त्यानं काढली. परत घातली. दादा मागे गाडीतच काहीतरी शोधत रेंगाळला होता. अर्ध्या तासात सगळे गारठलो, खाली येऊन भाजलेली कणसं खाल्ली, फोटो काढले, घरी आलो. त्या रात्री दीड वाजता लेक किंचाळत उठला.

"आई, कान चावतोय."

"चावतोय" हा त्याचाच शब्द. पण कान दुखण्याचं यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. डावा कान मुठीत धरून तो डोकं उशीवर इकडून तिकडे घासत होता. आडवं केलं की रडणं वाढायचं, खांद्यावर उभं धरलं की जरा कमी. काश्यपसंहिता हा आयुर्वेदातला बालरोगांवरचा जुना ग्रंथ. ज्या बाळाला बोलता येत नाही त्याचं काय दुखतंय ते ओळखायचं कसं, यावर त्यात एक आख्खा अध्याय आहे. कान दुखणारं मूल हातांनी कानाला स्पर्श करतं, डोकं फार हलवतं, अस्वस्थ असतं, खात नाही, झोपत नाही, असं तिथे लिहिलंय. कुणीतरी कधीकाळी माझ्यासारखंच रात्रभर मूल खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या असणार, त्याशिवाय इतकं नेमकं सुचत नाही.

आई उठून आली, दिवा लावला, त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"वारं लागलं. टोपी नीट घातली होतीस ना?"

मी काही बोलले नाही. तिनं तव्यावर ओवा गरम केला, फडक्यात पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली आणि मग त्याच्या कानामागे धरली. पॅरासिटामॉल दिलंच होतं. कशाचा गुण आला माहीत नाही, पण तीनच्या सुमाराला तो माझ्या खांद्यावरच झोपला.

सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे दुर्बिणीला छोटा कॅमेरा लावलेला असतो, कानातलं सगळं टीव्हीवर दिसतं. आधी त्यांनी चांगला कान दाखवला. कानाचा पडदा म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती, जाडी एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा. रंग मोत्यासारखा करडा, इतका पातळ की पलीकडचं हाड पुसटसं दिसतं. मग डावा. तो लाल होता आणि बाहेरच्या बाजूला फुगलेला, पिकायला आलेल्या फोडासारखा.

"बाहेरच्या बाजूला फुगलाय, बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे धक्का आतून आलाय. सर्दी कधीपासून आहे याला?"

"चार-पाच दिवस झाले. बालवाडीत सगळ्यांनाच आहे."

"मग वाऱ्याला का नावं ठेवताय?"

आईनं पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या कानाच्या तक्त्याकडे बघायला लागली.

मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. फळ्यावर कान मी कितीतरी वेळा काढलाय. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, अंतर्कर्ण, हातोडी, ऐरण, रिकीब. घशाकडे जाणारी युस्टेशियन नळीही काढते, पण एका फटकाऱ्यात. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं तिचं नीट वर्णन केलं म्हणून तिला त्याचं नाव, एवढं सांगून पुढे जाते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही. आणि मुलांच्या कानांचं सगळं रामायण नेमकं त्याच नळीत घडतं.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि कानाकडून घशाकडे चांगली पंचेचाळीस अंशात उतरते. तान्ह्या बाळात ती जेमतेम निम्मी, आणि उतार दहा अंशांच्या आसपास, म्हणजे आडवीच म्हणा ना. गवंड्यानं मोरीला उतार दिला नाही तर काय होतं, ते घर बांधलेल्या कुणालाही विचारा. पाणी तुंबतं, आणि उलटंही येतं. सर्दी झाली की नाकामागचं अस्तर सुजतं, त्या सुजेनं नळीचं तोंड मिटतं. मधल्या कानातली हवा हळूहळू शोषली जाते, तिथे पाणी साचतं आणि घशातले जंतू त्या साचलेल्या पाण्यात सुखानं संसार मांडतात. सहा महिने ते दोन वर्षं हा यातला सगळ्यात वाईट काळ. सातव्या वर्षाच्या आसपास नळी लांब होते, कलते, आणि पालकांची या प्रकरणातून बरीचशी सुटका होते.

या सगळ्या गोष्टीत वारा येतो कुठून? बाहेरच्या कानाची वाट मोठ्या माणसात अडीच सेंटिमीटर, तीही नागमोडी, आणि तिच्या टोकाला पडदा. पडदा धड असेल तर वाऱ्याला पुढे वाट नाही. दार बंद आहे.

पण "दाब पडत असेल की पडद्यावर" असं आई म्हणालीच, घरी येताना. प्रश्न चांगला होता, म्हणून मी घरी बसून कागदावर मांडला. पठारावर ताशी ४० किलोमीटरचा वारा सरळ कानात घुसला असं धरलं, तर त्याचा दाब येतो ७० पास्कलच्या आसपास. आपण वाईहून पसरणीच्या घाटानं पाचगणीला चढतो तेव्हा साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठतो, आणि त्यात हवेचा दाब ६००० पास्कलच्या आसपास उतरतो. म्हणून घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की टक् करून सुटतात. वाऱ्याचे ते ७० पास्कल म्हणजे जेमतेम दोन मजले जिना चढणं. दोन मजले चढल्यानं कुणाचा कान दुखल्याचं ऐकलंय?

हे आकडे आईला दाखवले. तिनं चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "बरं. पण टोपी नीट घातली होतीस ना?"

यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण हा प्रश्न तिचा नाही हे मला ठाऊक होतं. तो आज्जीचा.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. दादा चार वर्षांचा असताना त्याचा कान फुटला. "कान फुटला" हा आपल्याकडचा अगदी रोजचा शब्द, जसं फुगा फुटतो तसं. पण खरंच तेच होतं. आतल्या पुवानं पडदा ताणत ताणत फाटतो, कानातून पाणी येतं आणि दुखायचं एकदम थांबतं. दुखायचं थांबलं म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि तिथेच घात होतो. पुष्कळ मुलांचा पडदा आपोआप भरून येतो. दादाचा आला नाही. त्याचा कान वर्षानुवर्षं वाहत राहिला. त्याच्या उशीच्या अभ्र्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. आज्जी लसणीची पाकळी टाकून खोबरेल कढवायची, कोमट झालं की पळीनं कानात सोडायची आणि वर कापसाचा बोळा. फुटलेल्या कानात तेल घालणं म्हणजे घाण आत बंद करून ठेवणं, हे तेव्हा घरात कुणाला माहीत असणार? पावसाळ्यात त्या ओलसर कानात बुरशीही धरायची.

कारण मात्र घरात सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या गावच्या जत्रेला आई दादाला घेऊन एसटीनं गेली होती आणि खिडकीशी बसली होती.

"पोराला उघड्या कानानं खिडकीला बसवलंस. वारं लागलं न्हाई तर काय हुईल?" हे वाक्य मी कळत्या वयापासून ऐकलं. दादा सातवीत नापास झाला तेव्हाही ते निघालं. आज्जी गेली त्याच्या आदल्या वर्षीही निघालं. वाऱ्याला दोष दिला जातो असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. वाऱ्याला कोण बोलणार? बोल लागतो तो जिनं टोपी घातली नाही तिला.

आणि त्या घरात होतं काय काय? आजोबा माजघरात बसून विडी ओढायचे, दिवसाला बंडल. थंडीत आणि पावसात दारं-खिडक्या लावून, म्हणजे पोरांना वारं लागू नये म्हणून. स्वयंपाक चुलीवर. अंघोळीनंतर तान्ह्या बाळाला ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, तीही त्याच बंद खोलीत. डोक्याला टोपरं, कानाला फडकं, आणि नाकात धूर. तंबाखूच्या धुरात वाढणाऱ्या मुलांचे कान जास्त वेळा बिघडतात, यावर आता डॉक्टरांमध्ये दुमत नाही. नाकापासून त्या नळीपर्यंतच्या अस्तरावर बारीक केस असतात, घाण बाहेर लोटायचं काम करणारे. धुरानं ते लुळे पडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. एसटीच्या खिडकीवर तीस वर्षं खटला चालला आणि विडीला कुणी साक्षीलासुद्धा बोलावलं नाही. आजोबांना कोण बोलावणार होतं?

आज्जीवर माझा राग नाही. तिनं जे बघितलं ते खोटं नव्हतं. वारं सुटतं तेव्हाच पोरांचे कान दुखतात, हे तिनं पन्नास वर्षं पाहिलं होतं. जूनमध्ये वारा येतो, पाऊस येतो, शाळा उघडतात, दीड महिना पांगलेली मुलं एका खोलीत दाटीनं बसतात आणि एकमेकांना सर्दी देतात. शिवाय सर्दीचे काही विषाणू थंड नाकात जास्त जोमानं वाढतात, म्हणजे गारठ्याचा हात त्यात थोडा असेलही. पण वारा डोळ्यांना दिसतो, झाडं हलवतो, कौलं उडवतो. विषाणू दिसत नाही. दोघं एकाच वेळी गावात आले तर गाव कुणाचं नाव घेणार?

वाऱ्यानं कान दुखतच नाही, असंही मी म्हणणार नाही. पठारावर माझाही दुखला होता. कानाच्या वाटेतली कातडी अतिशय पातळ असते, आतल्या भागात तर ती थेट हाडावर ताणून बसवलेली. तिच्यात नसांचं जाळं दाट. गार हवा लागली की कळ येते, ती पार जबड्यापर्यंत जाते. कान कोरताना काहींना खोकला येतो, तो याच नसांचा उद्योग. पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी कानात आलेली आहे. पण ही कळ उबेत आलं की दहा-पंधरा मिनिटांत जाते. ते दुखणं आहे, रोग नाही. वर्षानुवर्षं गार पाण्यात आणि गार वाऱ्यात लाटांवर खेळणाऱ्यांच्या कानात हाड वाढून वाट अरुंद होते हेही खरं, पण त्याला वर्षं लागतात, अर्ध्या तासाचं पठार पुरत नाही. मोटारसायकलवर ताशी साठच्या पुढे गेलं की हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाजच नव्वद डेसिबलच्या घरात जातो. रोज पुणे-सातारा करणाऱ्या पोरांनी खरं तर या वाऱ्याची धास्ती घ्यायला हवी. त्यांना मात्र कुणी विचारत नाही टोपी घातली का म्हणून.

डॉक्टरांनी लेकाला लगेच अँटिबायोटिक दिलं नाही. दोन वर्षांच्या वरचं मूल, एकच कान, ताप फारसा नाही. दुखण्याचं औषध चालू ठेवा, दोन-तीन दिवस वाट बघू, नाही उतरलं तर देऊ, असं म्हणाले. न्यूमोकोकलच्या, म्हणजे कान पिकवणाऱ्या एका जंतूवरच्या लसीचे डोस झालेत का, हे विचारलं. झाले होते. ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते, दादाच्या वेळी तिचं नावही नव्हतं. घरात कुणी सिगारेट ओढतं का, हेही विचारलं. आई मान खाली घालून "आता नाही" म्हणाली. "आता" या शब्दावर डॉक्टर थांबले नाहीत, मी थांबले.

तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. पण खरी गंमत नंतर कळली. पंधरा दिवसांनी मी लेकाला स्वयंपाकघरातून हाक मारली, त्यानं मान वळवली नाही. कार्टूनचा आवाज वाढवायला सांगायला लागला. दर वाक्याला "काय?" मधल्या कानातलं पाणी दुखणं गेल्यावरही आठवडेच्या आठवडे राहतं, कधी तीन महिने. त्या काळात मुलाला जग पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येतं. मला आमच्या पाचवीतली एक मुलगी आठवली. शेवटच्या बाकावरची, "लक्ष नसतं हिचं" असा शेरा आम्ही सगळ्यांनीच मारलेली. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे पथक, मुलांचे डोळे, दात, कान सगळं बघतं. त्यांनी तिच्या कानात बघितलं आणि वर्गशिक्षिकेला, म्हणजे मला, बाजूला बोलावलं. मी तिला तीन महिने ओरडत होते. कानाचं चित्र फळ्यावर काढून.

लेकाचा कान नऊ आठवड्यांनी साफ झाला. त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर आई भाजी निवडत ओट्यापाशी बसली होती. मी म्हटलं, "आई, दादाचं ते जत्रेनं झालेलं नव्हतं गं. खिडकीनं नव्हतं झालं."

तिनं मेथीची काडी मोडली.

"त्या दिवशी खिडकीला जागाच नव्हती मिळाली," ती म्हणाली. "उभ्यानं गेलो होतो आम्ही."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"म्हटलं होतं एकदा." पुढची जुडी तिनं ओढून घेतली आणि मला लसूण सोलायला सांगितली.

पठारावरचे फोटो मी परवा पुन्हा बघत होते. एका फोटोत आम्ही सगळे पवनचक्कीखाली, केस उडालेले, लेकाची टोपी वाकडी. दादा टोकाला उभा आहे, नेहमीसारखा मान थोडी वळवून, उजवा कान माणसांकडे. हे तो इतकी वर्षं करतो की घरात कुणाला दिसतही नाही. फोटो बोटांनी मोठा केला तर डाव्या कानात पांढरं काहीतरी. कापूस. त्या दिवशी तो गाडीत तेच शोधत होता.

मी फोन केला. माझा पसरणी घाटाचा हिशेब मी त्याला मोठ्या ऐटीत पाठवला होता, वारा कानात जातच नाही म्हणून.

"तुझा पडदा आहे, म्हणून नाही जात," तो म्हणाला. "माझ्या भोकातून आत जातो ना. गार वारा आत गेला की जमीन फिरते माझी. एकदा चालत्या गाडीवर झालं होतं."

हे मला माहीत असायला हवं होतं. रॉबर्ट बारानी नावाच्या व्हिएन्नातल्या डॉक्टरला याच गोष्टीसाठी १९१४ चं नोबेल मिळालं. कान धुताना पाणी गार असलं की रोग्यांना गरगरतं, यावरून त्यानं अंतर्कर्णातला तोल कसा चालतो ते शोधलं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. हे सगळं मी वर्गात गोष्टीसारखं सांगते. माझ्या सख्ख्या भावाला गार वाऱ्यात भिंतीचा आधार घ्यावा लागतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्या आख्ख्या घरात वारं लागतं ते एकट्या दादालाच.

"पडदा बसवायचं ऑपरेशन असतं रे. करून घे की," मी म्हटलं.

"हो, बघू. दिवाळीनंतर."

"हे तू अकरा वर्षं म्हणतोयस."

"काय?" दादा म्हणाला. फोन त्यानं डाव्या कानाला धरला होता की काय, कळलं नाही.